हजाराला तीस

बेबाबाई सपकाळेच्या जिभेला हाड नाही, हे जळगावच्या मेहरूणमध्ये कुणीही सांगेल. तिच्या खानावळीत जेवणारी माणसं घामाघूम होत ती भाजीच्या तिखटामुळे की तिच्या बोलण्यामुळे, हे त्यांनाच माहीत. ताटात भाकरी टाकली तर शिव्या, जास्तीची मागितली तरी शिव्या, आणि कुणी पैसे नाहीत म्हणून उपाशी निजला असं कळलं तर सगळ्यांत जास्त शिव्या. तरी दालमिलमधले आणि चटईच्या कारखान्यांतले मजूर तिच्याकडेच यायचे. कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ पोटभर वाढणारी दुसरी बाई एमआयडीसीच्या त्या रस्त्यावर नव्हती. बिहारचे, बऱ्हाणपूरकडचे, शिरपूरच्या वरच्या डोंगरातले, सगळे तिला अक्का म्हणायचे.

या अक्काला नवरा नव्हता, एक मुलगा होता. योगेंद्र. लग्न झालं त्याच वर्षी तो सुरतेला साडीच्या मिलमध्ये कामाला गेला आणि बायकोला, डिंपलला, आईजवळ ठेवून गेला. डिंपल पहूरची, बारावी झालेली, अंगाने बारीक आणि बोलायला त्याहून कमी. खोली मिळाली की नेतो म्हणाला होता. खोली काही मिळेना. डिंपलच्या वाट्याला सासू, चूल आणि खरकट्या ताटांचा ढीग आला, आणि वर सासूचे टोमणे. कूस उजवली असती तर पोरगा धावत आला असता, असं बेबाबाई तिला भाकरी थापता थापता ऐकवायची. नवरा सुरतेत आणि बायको जळगावात, तर कूस उजवायची कशी, हे विचारायची सोय नव्हती.

योगेंद्र पैसे पाठवत नसे. का पाठवत नाही, याचं उत्तर बेबाबाईकडे तयार होतं, कारण ते त्यानेच फोनवर दिलं होतं.

"माय, आठे पैसा धाडनारा हजारले चाळीस कापस. थोडं थोडं धाडीसन काय फायदा? दिवाळीले एकदमच लई इसू."

दिवाळी आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. कधी मिलमध्ये सुट्टी नव्हती, कधी गाडीला गर्दी होती. दुसरी एखादी आई एव्हाना समजून चुकली असती. बेबाबाई शहाणी बाई, भाजीवाल्याच्या तराजूतला पासंग लांबून ओळखणारी, पण मुलाचा शब्द तिने खऱ्या हिशेबासारखा धरला. पाठवणं महाग आहे म्हणून मुलगा पाठवत नाही. स्वस्त झालं की पाठवेल. आईच्या डोक्यात एकदा असं गणित बसलं की ब्रह्मदेव आला तरी ते पुसता येत नाही.

त्याच रस्त्यावर बन्सीलालचं किराणा दुकान होतं. रविवारी मजुरांची तिथे रांग लागे. हातात आठवड्याची मजुरी, ओठांवर गावाकडचा नंबर. बन्सीलाल रोख रक्कम घ्यायचा, आपल्या फोनवरून गावी पाठवायचा आणि हजाराला तीस रुपये कापायचा. ते तीस रुपये कापलेले बघून बेबाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला तिथे मजूर दिसत नव्हते. सुरतेच्या कुठल्याशा दुकानापुढे उभा राहून, चाळीस रुपयांच्या भीतीने परत फिरणारा आपला योगेंद्र दिसायचा.

"आत्या, स्वतःचं खातं असलं आणि फोन असला तर पैसे फुकट जातात," डिंपल एकदा भांडी घासता घासता म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची.

"फुकट जगमा काही नही मिळत," बेबाबाई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिने डिंपलला भांड्यांवरून उठवलं आणि सगळं नीट विचारून घेतलं.

मग बेबाबाई जी सुटली ती सुटली. पाच-पाच मजूर रिक्षात कोंबून ती बँकेत न्यायची. त्यांची खाती उघडताना ती तिथल्या लोकांशी अशी भांडली की पुढे पुढे ती दारात दिसली की खिडकीवरचा माणूस आधीच फॉर्म काढून ठेवायचा. रविवारी जेवणं झाली की खानावळीच्या पडवीत डिंपल बसायची आणि एकेकाला फोनवरून पैसे कसे पाठवायचे ते शिकवायची. ज्यांना जमत नव्हतं त्यांचे ती स्वतः पाठवायची. बेबाबाई एक पैसा घेत नव्हती, कुणाला घेऊ देत नव्हती. वर्षभरात बन्सीलालच्या दुकानापुढची रांग मोडली. किती घरांत त्या तीस रुपयांचं तेल गेलं असेल, किती पोरांच्या वह्या आल्या असतील. हे पुण्य तिचंच, ते तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. पुढे जे झालं त्याने मला तिचा राग येतो, म्हणून आधी हे सांगून ठेवलं.

सगळेच काही खूश नव्हते. शिरपूरच्या डोंगरातला पुना, चटईच्या कारखान्यातला, एके दिवशी जेवण झाल्यावर रेंगाळला.

"अक्का, मनी बायकोले सांगू नको."

"काय सांगू नको?"

"पैसा फुकट जातस म्हनीसन. ती आते दर आठवडाले फोन करस. पहिले मी सांगे, कापतस, कापतस, म्हनीसन धाडत नही. आते काय सांगू?"

बेबाबाईने त्याचा सात पिढ्यांचा उद्धार केला. पुढ्यातली डाळीची वाटी उचलून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं ताट बंद केलं. पुना मुकाट गेला, आणि अधूनमधून पाठवायचं तेवढं बन्सीलालकडूनच, पुन्हा हजाराला तीस देऊन पाठवू लागला. त्याच्यामागे आणखी दोघे-तिघे गेले. बेबाबाई तावातावाने बन्सीलालच्या दुकानात शिरली. तो शांतपणे साबुदाणा जोखत होता.

"अक्का, मी तीस रुपये घेतो ते तुम्हाला दिसतं," तो म्हणाला. "त्या तीस रुपयांत त्यांना घरी सांगायला कारण मिळतं, ते नाही दिसत. तुम्ही फुकट पाठवून देता. मग कारण कुठून आणायचं त्यांनी?"

"तसला माणूस वेगळा. मना योगेंद्र तसा नही शे."

बन्सीलालने योगेंद्रचं नावही काढलं नव्हतं. त्याने पुडीला दोरा बांधला आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

डिंपलला सगळं कळत होतं का? माझ्या मते कधीच कळलं होतं. नवऱ्याच्या फोनमध्ये बायकोला जे ऐकू येतं ते आईला येत नाही. पण व्यर्थ का होईना, वाट बघणारी बायको म्हणून तिला त्या घरात जागा होती. वाट संपली की जागाही संपणार. म्हणून ती शिकवत राहिली, आणि सासू सुरतेला फोन लावायची तेव्हा नळावर निघून जायची.

"योगेंद्र, आते पैसा धाडाले काहीच लागत नही. बठ्ठं फुकट शे," बेबाबाई फोनवर ओरडून सांगायची. आनंदाने तिचा आवाज फुटायचा.

योगेंद्र म्हणाला, खातं नाही. तिने खातं कसं उघडायचं ते सांगितलं. तो म्हणाला, आधारची भानगड आहे. तिने ती कशी सोडवायची ते सांगितलं. अशा पन्नास भानगडी तिने सोडवल्या होत्या. मग तो म्हणाला, माझा फोन जुना, त्यात ते चालत नाही. बेबाबाईने डिंपलच्या पायातल्या, माहेरच्या चांदीच्या तोरड्या मोडायला काढल्या.

डिंपलने पाय मागे घेतला, तेवढंच.

"तोरड्या काय, परत होतीन," सासू म्हणाली. "नवरा परत व्हई का?"

तोरड्यांचा फोन झाला आणि सुरतेला जाणाऱ्या ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर तो गेला. पोचल्याचा निरोप आला. आता सांगायला काही उरलं नव्हतं. आपल्या हाताने एकेक दार बंद करत बेबाबाईने मुलाला भिंतीपाशी आणून उभं केलं होतं, आणि ती समजत होती की आपण त्याच्यासाठी रस्ता करतोय.

रविवार होता. पडवी भरलेली. बेबाबाईने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "धाड आते. हाई बठ्ठी मंडळी बसेल शे. पाहू दे यासले, मना पोऱ्या कसा धाडस ते."

 मग योगेंद्र म्हणाला, "बरं, पहिले एक रुपया धाडीसन पाहस. जास का नही ते."

बेबाबाईने फोन डिंपलच्या हातात दिला. मेसेज येऊन तो वाजला.

"आला?" बेबाबाईने विचारलं. "नाव वाच त्यानं. मोठ्याने वाच."

दुसऱ्याच्या खात्यातून पाठवले तरी नंबर तेवढा दिसत असेल, असं योगेंद्रला वाटलं असावं. खातं ज्याचं, नाव त्याचं दिसतं. डिंपलने हे पडवीतल्या प्रत्येकाला शिकवलं होतं, आणि सासूने मोठ्याने वाच म्हटलं होतं. तिने वाचलं.

"एक रुपया. हेतल योगेंद्र सपकाळे."

बाईच्या नावामागे कुणाचं नाव लागतं ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जेवणाऱ्यांनी माना खाली घातल्या. कुणीतरी पाणी प्यायलं. बेबाबाई म्हणाली, "सुरत मोठी शे. दुसरा कोनी योगेंद्र सपकाळे व्हई."  डिंपलने फोन सासूच्या मांडीवर ठेवला आणि ताटं गोळा करायला लागली.

दोन दिवस बेबाबाईने चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी योगेंद्रचाच फोन आला. आता लपवायचं उरलं नव्हतं, म्हणून तो मोकळा झाला होता, जरा खूशही वाटला. हेतल त्याच मिलमधली. देवळात लग्न केलंय. आणि मग त्याने आईला नेमकं कुठे धरायचं तिथे धरलं.

"माय, तुले नातू शे. दीड वरीसना. तुनासारखंच नाक शे त्यानं. डिंपलले तिना बापकडे लावी दे. मंग मी दर महिनाले धाडसू, आनि पोऱ्याले लई इसू तुले दाखाडाले."

आता इथे बेबाबाईने काय करायला हवं होतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पुनाच्या पुढ्यातली वाटी उचलणारी बाई ती. हजाराला तीस रुपयांसाठी बाजार डोक्यावर घेणारी. तिने मुलाचा उद्धार करायला हवा होता. तिने विचारलं, "नाव काय ठेयं त्यानं?"

डिंपलला तिने सांगितलं ते भाजी निवडता निवडता, मान वर न करता. तू तरणी आहेस, तुझं पुढे होईल काही, मी किती दिवस पुरणार. डिंपल ऐकत राहिली. मग म्हणाली, "पहूरला कुणी विचारलं तर सांगा, मीच नांदायला नको म्हटलं. एवढं करा." बेबाबाईने करते म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी सासूने तिच्यापुढे फोन धरला. आलेले पैसे बघायचे कसे, ते दाखवून जा म्हणाली. शरम कशाला म्हणतात ते त्या क्षणी त्या घरात कुणाला ठाऊक असेल तर ते डिंपललाच. तिने दाखवलं. इथे दाबायचं, मग हा आकडा, मग खाली बघायचं. सासूला जमेना. डिंपलने पुन्हा दाखवलं, पडवीतल्या माणसांना दाखवायची तसंच, न कंटाळता. सकाळी ती पहूरच्या एसटीत बसली. पोचवायला कुणी गेलं नाही. खानावळीत सकाळच्या पाळीच्या जेवणाची वेळ होती.

डिंपलला दिलेला शब्द बेबाबाईने महिनाभरही पाळला नाही. आळीतल्या बायकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, पोर होत नव्हतं, किती दिवस ठेवणार. ते पहूरपर्यंत पोचलं. पोचणारच. डिंपल आता भावजयीच्या हाताखाली आहे, आणि दुसरं स्थळ आलं की आधी तेच विचारतात.

पैसे आले. तीन महिने आले, हेतलच्या नावाने, पुरे, एक रुपया न कापता. बेबाबाई जेवायला आलेल्या कुणाकडून तरी ते वाचून घ्यायची. मग दोन महिने आले नाहीत. मुलाची फी होती म्हणे, पुरत्या दोन वर्षांच्याही नसलेल्या. बेबाबाईला त्याचं काही वाटलं नाही. पैशांचं सोड, म्हणाली, नातवाला घेऊन ये, एकदा बघू दे.

"गाडीभाडं लई लागस, माय," योगेंद्र म्हणाला. "तिघंजननं जानं-येनं म्हंजे केवढं व्हस. दिवाळीले एकदमच इसूत."

तेव्हापासून बेबाबाई ताट वाढता वाढता प्रत्येकाला विचारते, सुरतेहून जळगावला सगळ्यांत स्वस्त गाडी कोणती. कुणी पॅसेंजर सांगतो, कुणी एसटीतली बायकांची सवलत सांगतो. ती ते नीट ध्यानात ठेवते आणि हात पुसून सुरतेला फोन लावते. फोन हेतल उचलते. ते बाहेर गेलेत, म्हणते.