गिरणीच्या वरचं इंग्रजी

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. आटपाडीत माझा इंग्रजी बोलायचा क्लास आहे, तो पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. घरी जाऊन पदर झटकला की पीठ पडतं, आणि चहाला कुणी आलं की किस्से पडतात. दोन्ही झटकावंच लागतं, नाहीतर माणूस पांढरं होतं!

क्लासचा नियम एकच. नवीन वाक्य शिकलं की बाहेर जाऊन ते जित्या माणसाला ऐकवून यायचं. दुसऱ्या दिवशी मी विचारणार, "कुणाला म्हणालात? मग काय झालं?" नुसतं पाठ करून आलेल्याला मी बसू देत नाही.

आणि ह्या क्लासची सगळ्यात हट्टी विद्यार्थिनी म्हणजे सुनंदा. खालची गिरणी ज्यांची, त्या बापूंची सून. नवरा कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात. तिला पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत मुलींची देखभाल करणारी मेट्रन व्हायचंय, कारण तिथं काम करणाऱ्यांच्या मुलींना त्याच शाळेत शिकता येतं. तिची पोर हुशार आहे. मुलाखत इंग्रजीत. आणि बापूंचं म्हणणं, "घरात गिरणी हाय. सून लोकांच्या पोरींच्या वेण्या घालाय जायाची न्हाई!"

* * *

एकदा साताऱ्याहून एक सर आले. तिकडं त्यांचा काचेच्या दाराचा, एसी क्लास. फळ्यावर मी 'पुट अप विथ' लिहिलं होतं. सर हसले. सुनंदाकडं हात करून म्हणाले, "मॅडम, ह्या लोकांना फ्रेजल व्हर्ब्स? त्यात मागं दोन-दोन प्रिपोझिशन्स? झेपणार आहे का?"

'ह्या लोकांना' ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

म्हटलं, "सर, टाकणं म्हणजे काय? आणि देऊन टाकणं? बोलून टाकणं? टाकून बोलणं? आमची पोरं हे सगळं अंगणात शिकतात. त्यांना झेपतंय का, असं कुणी विचारत बसतं का? तसंच आहे हे. 'लुक'ला 'आफ्टर' जोडलं की सांभाळणं. 'अप टू' जोडलं की मान देणं. आणि 'डाऊन ऑन' जोडलं की तुच्छ लेखणं. आत्ता तुम्ही करताय ते तिसरं!"

सर चहा न घेताच गेले. तो आम्ही वाटून प्यालो.

* * *

क्लासला एक आप्पा येतात. फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर. मेंढरं आहेत, वेळ आहे. आप्पांना फ्रेजल व्हर्ब्स आधीपासून येतात, पण सगळे हुकमाचे. रांगेत यायला फॉल इन, रांग मोडून निघायला फॉल आऊट, आणि कॅरी ऑन!

नियमाप्रमाणं म्हटलं, "आप्पा, बाहेर वापरून या."

आप्पा गेले ग्रामसभेला. सरपंचांना स्वतःच्या वस्तीकडं पाण्याचा टँकर वळवायचा होता. भाषण काही संपेना. ठराव मताला टाकणार एवढ्यात आप्पा उठले, छाती काढली आणि गरजले, "फॉल आऊट!"

गावात घरटी एक माणूस फौजेत. सगळे रिटायर गडी खाडकन उठले, उजवीकडं वळले आणि चालायला लागले! ते का निघाले म्हणून बघायला बाकीचे निघाले. मंडपात उरले सरपंच आणि माइकवाला. ठराव बारगळला.

सरपंच तावातावानं माझ्याकडं आले. "म्याडम, आवं हे काय शिकवताय तुमी?"

म्हटलं, "ह्या आठवड्यात एवढंच झालं. पुढचा आठवडा 'स्टँड अप टू'चा आहे, म्हणजे तोंडावर उभं राहून विरोध करणं. तुम्ही पण या."

* * *

नियम सुनंदालाही होता. तिनं 'पुट अप विथ' घरीच वापरलं. बापूंनी सकाळी परत नोकरीला मोडता घातला, तशी ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, आय वोन्ट पुट अप विथ इट!" म्हणजे, हे मी खपवून घेणार नाही.

बापूंनी नातीला विचारलं, "काय म्हणली गं आय तुझी?"

नात चौथीत. तिनं आईकडं बघितलं, आजोबांकडं बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "आजचं दळण तुमीच करा म्हणली."

बापू दिवसभर गिरणीवर उभे. वर येऊन सुनंदा म्हणाली, "म्याडम, हे लय कामाचं वाक्य हाय!"

* * *

बापू काय कच्चे नाहीत. गिरणी त्यांची, वरची खोली त्यांच्या चुलत भावाची, आणि दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद. त्या भावकीवर तर माझा क्लास टिकलाय! खोली बंद करता येईना, म्हणून बापूंनी गिरणीची वेळ बदलली. क्लास पाचला, तर गिरणी बरोबर पाचला सुरू. जमीन थरथरायची, खडू टेबलावरनं घरंगळायचा.

आम्ही काय गप्प बसणार? आवाज चढवला. माझी पोरं इंग्रजी बोलतात ती बांधावरनं हाक मारल्यासारखी, कारण हळू इंग्रजी आम्हाला कुणी शिकवूच दिलं नाही.

एक दिवस मी ओरडून विचारलं, "व्हॉट डिड यू रन आऊट ऑफ?" म्हणजे, घरातलं काय संपलं?

वरनं कुणी बोलायच्या आत खालून, दळणाच्या रांगेतनं, एका बाईचा आवाज आला, "शुगर!"

दुसरी म्हणाली, "गॅस!"

तिसरीनं अख्खं वाक्य टाकलं, "आय रॅन आऊट ऑफ पेशन्स! बापू, हरी अप!"

बापूंच्या गिरणीनं माझा क्लास दुप्पट केला, आणि तोही फुकट. त्या दिवशी बापू जिन्यापर्यंत आले, वर बघितलं आणि परत गिरणीवर गेले.

* * *

आता सुनंदाला नोकरी लागली का, हे विचारू नका. लागली. न लागायला काय झालं? पण किस्सा तो नाहीच.

मुलाखतीला बापू सोबत आले. धीर द्यायला नव्हे, तिला नकार मिळताना डोळ्यांनी बघायला. मी गेले बापूंवर नजर ठेवायला. दहिवडी, सातारा, वाई करत एसटीनं पाचगणी गाठली. वाईला मी भजी पुढं केली, तर दोनच घेतली.

शाळेत एवढी शांतता की आपल्याच चपलांची लाज वाटावी. सुनंदा आत गेली. दार अर्धं उघडं. बाहेर बाकावर बापू आणि मी.

प्रिन्सिपॉल मवाळ माणूस. हळू आवाजात एकेक विचारत होते आणि सुनंदा खणखणीत उत्तरं देत होती. शेवटी त्यांनी विचारलं, "इफ युवर फॅमिली कॉल्स यू बॅक?"

"दे विल कॉल मी बॅक, सर!" सुनंदाचा आवाज व्हरांडाभर घुमला. "आय विल नॉट गो बॅक! माय डॉटर विल ग्रो अप हिअर!"

बापूंनी माझ्याकडं न बघता विचारलं, "काय म्हणली?"

"घरच्यांनी माघारी बोलावलं तर काय करशील, असं साहेबांनी विचारलं."

"मग?"

"बोलावतील, पण मी जाणार नाही म्हणाली. माझी पोर इथंच मोठी होणार म्हणाली."

एक शब्द गाळला नाही मी. का गाळू? बापूंनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

आत साहेब मराठीवर आले. "अहो बाई, मी समोरच बसलोय. एवढ्या मोठ्यानं कशाला?"

"तुमच्यासाठी न्हाई, सर," सुनंदा म्हणाली. "आमचं मामा भाईर बसल्यात. त्यास्नी ऐकू जायाला पायजे!"

बापू उठले. मला वाटलं, झालं, आता हाताला धरून बाहेर काढतात तिला. मीपण उठले. बापूंनी टोपी नीट घातली, दार ढकललं, डोकं आत घातलं आणि साहेबांना म्हणाले,

"सायेब, ऐकू आलं म्हनून सांगा तिला. आता बोलंल हळू!"