निर्दोष तबकड्या

बाटल्यांच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस म्हणून काढल्यावर माणसाला जगात दोनच गोष्टी दिसतात: चालणारा माल आणि टाकाऊ माल. आमचे तपासनीस निवृत्त झाले, पण नजर काही निवृत्त झाली नाही. सहकाऱ्यांनी निरोपाला हाय डेफिनिशन कॅमेरा दिला. बहुधा हा माणूस आता आपल्याकडे न बघता त्यात बघेल, या आशेने. ती आशा फळली, भोगलं घरच्यांनी.

बारसं असो, साखरपुडा असो, नाही तर नुसतं रविवारचं जेवण असो, तपासनीस चित्रण करत आणि मग ते ब्लू-रे तबकडीवर उतरवत. पेन ड्राइव्हवर का नाही, असं जावयाने एकदा विचारलं होतं. त्याला इतकं सविस्तर उत्तर मिळालं की त्याने पुढे काहीच विचारलं नाही. एक तबकडी लिहायला पाऊण तास, ती नीट लिहिली गेली का हे तपासायला पुन्हा तेवढाच. त्या दीड तासात घरात वॉशिंग मशीन लावायचं नाही, दार आपटायचं नाही. बायको म्हणायची, "माझ्या बाळंतपणात एवढी शांतता ठेवली असती तर."

तबकड्या नातेवाइकांना भेट म्हणून जात. त्या चालवायचं यंत्र तपासनिसांखेरीज कुणाकडेच नव्हतं, हा तपशील त्यांना क्षुल्लक वाटे. थोरल्या मेहुण्यांनी आपल्या दोन तबकड्या गॅलरीत टांगल्या आणि कबुतरं कमी झाल्याचं आवर्जून कळवलं. तपासनिसांना मिळालेला तो एकमेव अभिप्राय.

चित्र निर्दोष करायचं तर आवाजही निर्दोष हवा. घरगुती चित्रणात माणसं एकाच वेळी बोलतात, खोकतात, भांडी आपटतात, एकमेकांची उणीदुणी काढतात. तपासनिसांनी हा सगळा टाकाऊ माल पुसून त्यावर बासरी चढवली. सगळीकडे एकच बासरी. बारशालाही तीच आणि साठीशांतीलाही तीच. मग तबकडी तयार झाली की मूळ चित्रण खोडून टाकायचं. पास झालेल्या बाटलीचे टवके कोण उशाशी ठेवतं?

या पद्धतीत काही खोट आहे असं कुणाला वाटलं नाही. मग तपासनिसांच्या थोरल्या भावाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. ज्या माणसाचा आवाज तीन घरं पलीकडे जायचा, तो आता पाटीवर लिहून चहा मागू लागला. महिन्याभराने वहिनी आल्या. पाण्याचा पेलाही न घेता म्हणाल्या, "भावजी, तुमच्याकडे ह्यांचं बोलणं असेल ना? नातवाला त्यांचा आवाज कसा होता ते कळायला हवं. आणि खरं सांगायचं तर मलाही."

तपासनिसांनी "आहे की, ढीगभर" असं सांगितलं. त्या गेल्यावर एकशे चौदा तबकड्या काढल्या. सकाळी बसत ते जेवणापर्यंत. प्रत्येकीत भाऊ होता, अगदी मिशीचा केस न् केस मोजता येईल इतका स्पष्ट. तोंड उघडत होता, हात उडवत होता, कुणाला तरी फैलावर घेत होता. आणि बासरी वाजत होती. नवव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, सांगून टाका त्यांना." तपासनिसांनी पुढची तबकडी यंत्रात सरकवली. नापास मालाची चिठ्ठी स्वतःच्या नावाने फाडायची त्यांना सवय नव्हती.

तेराव्या दिवशी एक तबकडी यंत्रात होती तेव्हा दाराची बेल वाजली. चित्रण सुरू होण्याआधी पडद्यावर प्रकरणांची यादी, म्हणजे मेनू, येते. बटण दाबेपर्यंत तिच्यामागे एक लहानसा तुकडा फिरत राहतो. आजवर तपासनिसांनी तिथे क्षणभरही दम धरला नव्हता, यादी दिसताच बटण. आज ते कुरिअर घ्यायला गेले आणि पाठीमागून भाऊ ओरडला.

यादीमागचा तुकडा अगदी आधी बेतला होता, कच्च्या चित्रणातून. तो साफ करायचा या एकाच तबकडीत राहून गेला होता.

त्याच संध्याकाळी भाऊ आणि वहिनी सोफ्यावर बसले. तपासनिसांनी आधी कबुली दिली, की बाकी सगळं मीच पुसलं. वहिनींनी पडद्याकडे बोट दाखवलं. मग पडद्यावरून आवाज आला: "अरे, तो कॅमेरा खाली ठेव की! जेवण गार झालं. आता काय, गार जेवणाचं चित्रण करणार आहेस?" मागे खुर्ची सरकली, कुणी तरी शिंकलं, आणि बारा सेकंद संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. अरे, तो कॅमेरा खाली ठेव की.

चौथ्या वेळी भावाचे ओठ त्या शब्दांबरोबर हलू लागले. तपासनिसांनी सवयीने रिमोट उचलला आणि पुढचं चित्रण लावू का, असं विचारलं.

"खबरदार," वहिनी म्हणाल्या.

भावाने पाटी ओढून काहीतरी लिहिलं आणि धाकट्याच्या नाकासमोर धरली. 'आवाज वाढव.'