वू, त्यू आणि अहो

उल्हास देवधरांचा तो फ्रेंच सिनेमा अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळात सगळ्यांना तोंडपाठ होता, आणि धड पाहिलेला मात्र एकानेही नव्हता. एकदा तसा प्रयत्न झाला होता. वीस वर्षांपूर्वी उल्हासरावांनी मोठ्या हौसेने त्याची व्हिडिओ कॅसेट लावली, "आता स्टेशन येईल हं, नीट ऐका," असं बजावत सगळ्यांना ताटकळत ठेवून ती थेट तिथपर्यंत पुढे पळवली, आणि स्टेशन आलं तेव्हा ती फ्रेंच बाई ठणठणीत अमेरिकन आवाजात "यू टेक केअर" म्हणून मोकळी झाली. कॅसेट इंग्रजीत डब केलेली होती. हॉलमध्ये असा काही हशा पिकला की उल्हासरावांनी कानाला खडा लावला. पुन्हा त्यांनी मंडळात सिनेमा लावायचं नाव काढलं नाही.

तो हशा सुनेत्राबाईंना अजून बोचत होता. नवऱ्याला हसायचा हक्क त्यांचा होता, मंडळाचा नव्हता.

उल्हासरावांनी तो सिनेमा पाहिला चौऱ्याहत्तर साली, ओहायोत शिकत असताना, युनिव्हर्सिटीच्या फिल्म क्लबात. गोष्ट साधी. छोट्या गावात खाणावळ चालवणारी एक विधवा, आणि पूल बांधायला आलेला एक इंजिनिअर. जीव जडतो, पण सिनेमाभर दोघं एकमेकांना 'वू' म्हणतात, म्हणजे आपलं 'तुम्ही'. शो संपल्यावर प्रोफेसरांनी सांगितलं की ती बाई त्याला अख्ख्या सिनेमात एकदाच 'त्यू' म्हणते, म्हणजे 'तू'. कुठे म्हणते, ते मागच्या रांगेत उल्हासरावांना ऐकू आलं नाही. पण निरोप स्टेशनवर होतो, तेव्हा 'तू'सुद्धा तिथेच असणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आणि पुढची पन्नास वर्षं ते छातीठोकपणे सांगितलं. लग्न झाल्यावर सुनेत्राबाईंनाही सांगितलं. "तूसुद्धा मला अरे-तुरे करत जा की," असंही म्हणाले. सुनेत्राबाई लाजून लाल झाल्या आणि म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय!" ते 'अहो' आजतागायत चालू होतं.

यंदा जानेवारीत त्या सिनेमाची ब्लू-रे डिस्क निघाली. चित्र धुऊनपुसून लख्ख, आवाज मूळ फ्रेंच. मेलबॉक्समधून पाकीट काढून उल्हासराव थंडीत तसेच उघड्या डोक्याने उभे राहिले, तेव्हाच सुनेत्राबाईंनी मनाशी ठरवलं. मंडळाच्या बाळ फाटकांना त्यांनी स्वतः फोन लावला.

"काकू, फ्रेंच? आपल्या सीनियर्सना सबटायटल्स वाचता येणार नाहीत हो. शोभामावशींचं तर कॅटरॅक्ट झालंय नुकतंच."

"ते माझ्याकडे लागलं. मी माइकवर मराठीत वाचेन. रविवारी दोन वाजता, चहा मंडळाचा."

बोलून तर बसल्या. वही घेऊन रोज सकाळी टीव्हीसमोर बसू लागल्या, तेव्हा पंचाईत कळली. सबटायटल्स इंग्रजी, आणि इंग्रजीत सगळ्यांना सरसकट 'यू'. नवऱ्याला यू, कुत्र्याला यू, प्रेसिडेंटलाही यू. मराठीत असं भागत नाही. एक वाक्य लिहायचं तरी आधी नातं ठरवावं लागतं. सुनेत्राबाईंना फ्रेंचचं अक्षर येत नव्हतं. पण हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं मायक्रोस्कोपमध्ये डोळे घातले होते. काय शोधायचं ते एकदा कळलं की शोधता येतं, हे त्यांना ठाऊक होतं. हेडफोन लावून त्या फक्त दोन आवाज शोधू लागल्या, वू आणि त्यू.

बुधवारी त्यू सापडला. स्टेशनवर नाही, स्वयंपाकघरात! स्टेशनच्या चांगला तासभर आधी. इंजिनिअर भिजून येतो, नकाशा पसरतो, आणि ती सूप ढवळता ढवळता पाठमोरीच म्हणते की, तू जेवला नाहीस अजून. बस, एवढंच. त्याचं लक्षही नसतं. सुनेत्राबाईंनी सात वेळा मागे नेऊन ऐकलं. मग स्टेशन लावलं. तिथे सगळं गाव जमलेलं, आणि ती स्वच्छ म्हणते, 'वू'.

उल्हासरावांना त्यांनी दोन्ही ठिकाणं ऐकवली. त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे पन्नास वर्षं मी लोकांना थापा मारत होतो."

"थापा कसल्या? ऐकू आलं नव्हतं तुम्हाला."

"हे बघ, तू आपली स्टेशनवरच 'तू' वाच. कोणाला कळतंय? पुन्हा हसं नको व्हायला, प्लीज."

सुनेत्राबाईंनी वही मिटली. जे दिसत नाही ते रिपोर्टात लिहायचं नाही, हे तीस वर्षं पाळलेलं. पण तो वीस वर्षांपूर्वीचा हशाही कानात होताच. शनिवार संपला तरी त्यांनी वहीत स्टेशनच्या ओळीची जागा कोरीच ठेवली, आणि त्या दिवसांत दोनदा आमटी खारट झाली.

रविवारी चाळीसजण आले. उल्हासराव शेवटच्या रांगेत, मफलर गळ्यात तसाच, जणू केव्हाही उठून जायच्या तयारीत. सुनेत्राबाई माइकवर वाचू लागल्या. स्वयंपाकघर आलं. "तू जेवला नाहीस अजून," त्यांनी वाचलं, आवाज न चढवता, सूप ढवळल्यासारखं.

"अगंबाई!" पहिल्या रांगेतून शोभामावशी म्हणाल्या. "तू म्हणाली ती त्याला!"

हॉलमध्ये खसखस पिकली, पण ती मायेची होती. सगळ्या जणी सावरून बसल्या. मग स्टेशन आलं. कोऱ्या जागेकडे सुनेत्राबाईंनी पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्ही पोचल्यावर पत्र पाठवा," त्यांनी वाचलं.

कोणीही हसलं नाही. जिने घरात 'तू' म्हटलं तिला गावादेखत 'तुम्ही' म्हणावं लागलं, हे त्या हॉलमध्ये समजावून सांगायची गरजच नव्हती. शोभामावशींनी डोळ्यांत थेंब घातल्यावर टिपायचा रुमाल काढून भलत्याच कामाला लावला. बाळ फाटक नाक ओढत म्हणाले, "उल्हासकाका, मानलं यार तुम्हाला!"

पार्किंग लॉटमध्ये कडेला बर्फ साचला होता. उल्हासराव खुशीत होते, पण काहीतरी घोळवत होते.

"पन्नास वर्षं मी चुकीच्या ठिकाणी कान लावून बसलो," ते म्हणाले. "पण तुझं मात्र ऐकलं होतं हं."

"माझं काय?"

"त्र्याऐंशीचा फेब्रुवारी. मी पायऱ्यांवरचा बर्फ काढत होतो. तू खिडकीतून ओरडलीस, 'अरे सांभाळ, पडशील!'"

सुनेत्राबाई जागच्या जागी थांबल्या. त्यांना ते अजिबात आठवत नव्हतं.

"मी? आणि इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"बोललो असतो तर तू जपून बोलायला लागली असतीस. मला ते एक पुरलं."

सुनेत्राबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थंडीने आलं असं दाखवायला त्यांनी नाक पुसलं. पर्समधून किल्ली काढून त्यांनी गाडीचं दार उघडलं.

"चल, बस आता. गारठशील."

गाडी हमरस्त्याला लागल्यावर आपण काय म्हणालो ते सुनेत्राबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी हळूच बाजूला पाहिलं. उल्हासराव काहीच न ऐकल्यासारखा चेहरा करून सीटबेल्ट नीट करत होते.