येते म्हणायचं असतं

सुंदराला तिच्या भावाने भाऊबीजेला ओवाळणीत स्कूटर घातली, तेव्हा अख्ख्या कळंबात सगळ्यांत जास्त आनंद तिच्या नवऱ्याला झाला. आबाजीने गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधून टाकली. "रस्त्याला डंपर लय हायेत गं, तुला कशाला ताप?" बायकोची केवढी काळजी! लग्नाआधी खालापुरात ती भावाची गाडी भरधाव पळवायची, हे त्याला ठाऊक होतं. आता कशेळ्याच्या बाजाराला तो पुढे बसे आणि ती मागे पिशव्या धरून. एकटा कुठून आला की दारात दोन हॉर्न देई. मग सुंदराने पिठाच्या हातांनी धावत जाऊन फाटक उघडायचं. गाडीचा तिला झालेला फायदा एवढाच.

मग गावात सिनेमा आला. विषय, बाईचं स्वातंत्र्य. मुंबईहून आलेला दिग्दर्शक साईराज या विषयावर फार तळमळून बोले. त्याला सुंदराचं अंगण आवडलं, तिची स्कूटर आवडली. त्याने परवानगी मागितली, अर्थात आबाजीकडे. सुंदराकडे त्याने चहा मागितला.

शेवटच्या प्रसंगात नायिका नवऱ्याला "मी जाते" म्हणते आणि स्कूटरवर बसून निघून जाते. नायिका वाक्य छान म्हणाली आणि गाडीसकट थेट गोठ्यात घुसली. पुन्हा म्हणाली, पुन्हा गोठा. स्वातंत्र्याचा अभ्यास तिने बहुतेक तोंडीच केला होता.

"मी चालवते," सुंदरा म्हणाली. "पण 'जाते' नाय म्हणायचं, साहेब. घरातनं निघताना 'येते' म्हणायचं असतं."

"अहो, पण ती कायमची चाललीय."

"तरी पण."

"तोंड नाय ना दिसणार?" आबाजीने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने बायकोच्या पाठीपुरती परवानगी दिली.

सुंदराने नायिकेची साडी नेसली, "येते" म्हणाली आणि सुटली. वळणावर "कट, कट" ऐकू आलं. तिचा हात ब्रेककडे गेलाही, पण पुढे रस्ता मोकळा होता आणि इतकी वर्षं तिने तो आबाजीच्या खांद्याआडून पाहिला होता. तिला हसू फुटलं, मग रडू आलं. ती कशेळ्यापर्यंत गेली.

इकडे साईराजला साडीची चिंता लागली. आबाजी मात्र फाटकाशी उभा राहून जो भेटेल त्याला सांगत होता, "येते म्हणालीय. तिनं सोता शब्द बदलून घेतलाय."

दुपारी दोन हॉर्न वाजले. आबाजी धावला, त्याने फाटक उघडलं आणि सवयीने किल्लीसाठी हात पुढे केला. सुंदराने त्या हातात भाजीची पिशवी दिली. किल्ली तिने ब्लाउजात टाकली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली.

"जाते," ती म्हणाली.

आबाजीचा चेहरा पडला. "येते म्हण गं!"

"बरं, येते. हॉर्न दिला की फाटक उघडा."