माता नव्हे, गोळी

"हाथ मत लगाना बहू को! माता आई है!"

मझौली गावाहून आलेल्या पेशंटच्या सासूबाई वॉर्डाच्या दारात अशा ओरडल्या, की पार कांचघर मोहल्ल्यातली कुत्री उठून बसली असणार. सुनेच्या खाटेला कडुनिंबाचा एवढा मोठा डहाळा बांधला होता, की त्यात पाच-सात पोपटांचा संसार सुखानं झाला असता. पोरीच्या अंगभर लाल पुरळ, ओठ फुटलेले. वॉर्डानंही मान डोलावून टाकली होती: माता म्हणजे कांजिण्या.

औषधांच्या रिअ‍ॅक्शन शोधून त्या वर कळवणं हे माझं काम. लग्नघरात सुतकाची बातमी आणणाऱ्याचा होतो तेवढा सत्कार माझा हॉस्पिटलात रोज होतो. मला पाहून शिकाऊ डॉक्टर जिना उलटा चढतात.

मी विचारलं, "अम्मा, कौन सी गोली चल रही है?"

"मिर्गी की. नई है. माता में भी नागा नहीं किया," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

म्हणजे एकही खाडा नाही! फिटची नवी गोळी, मागोमाग पुरळ आणि फुटलेले ओठ! गोळी अशीच चालू राहिली तर पोरीची कातडी सोलून निघेल, जीवही जाईल.

सिस्टर आमच्याच नागपुरी वळणाची. "काहून जीव खाऊन राहिले, भाऊ? डॉक्टरसाहेबांनी कांजिण्या लिहिल्या नं?"

"साहेब परत केव्हा येतील?"

"संध्याकाळी."

"आणि पुढची गोळी?"

तिनं कागद पाहिला. आवाज खाली आला. "त्याच्या आधी."

मग मी खाटेशेजारी स्टूल टाकून ठाण मांडलं. साहेबांना इतके फोन लावले, की मोबाईलवर पोळी भाजून निघाली असती. शेवटी ते लालबुंद होऊन आले.

"दवा को बदनाम करने बैठे हो?"

"सर, नुसता संशय आला तरी कळवायचं असतं. तिचं तोंड तेवढं उघडून बघा."

साहेबांनी टॉर्च मारला. आत सगळं सोललेलं. मग त्यांनी ती गोळी बंद केली, फिटसाठी दुसरं औषध लिहिलं आणि स्वतःच त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावला. मी तिथंच बसून रिपोर्ट धाडला.

पोरगी वाचली. घरी जाताना तिच्या हातात मी कार्ड दिलं. त्यावर गोळीचं नाव हिंदीत, नर्मदेच्या पल्याडून वाचता येईल एवढ्या अक्षरांत.

"अम्मा, ये गोली अब कभी नहीं. समझीं?"

सासूबाईंनी गाठोडं उचललं.

"हमें क्या बता रहे हो, भैया. गोली तो मझौली का दुकान वाला देता है. उसको बताओ."