उभ्यानं बघितलेल्या साड्या

साडी उलगडताना आक्कांचा हात असा फिरायचा की पदर बरोबर गिऱ्हाइकाच्या मांडीवर येऊन पडायचा. मग त्या म्हणायच्या, "हात तर लावा की. हात लावायला कोण न्हाय म्हणतंय?" कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजूला लग्नाच्या बस्त्याला तुम्ही कधी आला असाल, तर हा आवाज तुमच्या कानावर पडला असणारच. दुकानातल्या माणसापेक्षा तो रस्त्यावरच्यालाच जास्त ऐकू जायचा.

त्याच दुकानात मी जिन्याखाली फॉल-पिकोचं मशीन चालवतो. म्हणजे दिवसभर बसून असतो. साड्या दाखवायला आमच्याकडं अकरा बायका, आणि त्या मात्र सकाळी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत उभ्या. गिऱ्हाईक असो नाहीतर नसो. शेठ काही वाईट माणूस नव्हेत. दिवाळीला सगळ्यांना घरी बोलावून पोटभर जेवू घालतात. पण विकणारी बसली की गिऱ्हाइकाचा मान जातो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. केबिनमध्ये बसून कॅमेऱ्यातून लक्ष ठेवायचे.

आक्कांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या. दुपारी माझ्या मशीनला टेकून त्या एकेक पाय झटकायच्या. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "आक्का, दर पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर चालत चढता, तेव्हा बरे दुखत नाहीत पाय?"

"मास्तर, चालून काय हुतंय? उभारूनच मानूस मरतंय. देवानं पाय चालायला दिल्यात, खांबागत रवायला न्हाईत."

एकदा त्या सरळ केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

"शेठ, गिऱ्हाईक नसताना तरी बसू द्या की."

"आक्का, आपल्यात तशी पद्धत नाही."

"मग पाडायची. तुमच्या आजोबांच्या दुकानात ह्यो गार वाऱ्याचा एशी हुता व्हय?"

शेठ मनापासून हसले. स्टूल काही आलं नाही. उलट ज्या खोक्यांवर बायका मिनिटभर टेकायच्या, ती खोकीही पुढच्या आठवड्यात गोडाऊनला गेली. आक्का मला म्हणाल्या, "मास्तर, तुमीबी एक शब्द बोला की." मी म्हटलं, "माझं कोण ऐकतंय?" आणि मशीन सुरू केलं. मशीनच्या आवाजाचा हा एक फायदा असतो.

मग कुणीतरी त्यांना मोबाईलवर बातमी दाखवली. केरळात दुकानातल्या बायकांना बसू देण्याचा कायदाच झालाय. आपल्या गल्लीत नळ आल्यासारख्या त्या खूश झाल्या. आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "तिकडं बसल्यात बगा बायका! साड्या खपायच्या थांबल्या न्हाईत!"

आणि तो चंदगडचा बस्ता आला. दहा माणसं, आणि त्यांत सगळ्यांना धाकात ठेवणारी एक आजी. तिसऱ्या तासाला नवरीचा शालू उलगडताना आक्कांच्या पायात गोळा आला. त्यांनी काउंटर धरला, शालू निम्माच उघडला. आजीनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बस गं बाई हितं."

"न्हाय आजी, आमास्नी चालत न्हाय."

"कुनाला चालत न्हाय? बस्ता माझा हाय."

आक्का बसल्या. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून त्यांनी शालू दाखवायला घेतला. नेमके त्याच वेळी शेठ मोठ्या बस्त्याला नमस्कार करायला बाहेर आले. जोडलेले हात छातीशीच राहिले. "आक्का!" एवढंच म्हणाले. आक्का अर्ध्या उठल्या, तर आजीनं त्यांचं मनगट धरलं.

"ही उठली तर आमीबी उठतो, पावणं. कोल्हापुरात दुकानं काय थोडी हाईत?"

दहाही माणसं चपला शोधायला लागली. शेठनी जोडलेले हात जरा वर नेले. "बसा, बसा," म्हणाले, "सगळ्याच बसा."

सोमवारी स्टुलं आली. अकरा बायकांना तीन! आक्कांनी तरी पेढे वाटले. जिला दिवस गेलेत ती आधी, जिचं अंग दुखतंय ती मग, असा क्रम लावून दिला. स्वतः शेवटी बसायच्या, ते पण पाच मिनिटं.

दोन वर्षांनी पायांमुळं त्यांना नोकरी सोडावी लागली. तोवर दुकानाला वरचा मजला चढला होता, आणि तिथं एकही स्टूल नव्हतं. एका मंगळवारी आक्का गिऱ्हाईक म्हणून आल्या, भाचीला साडी घ्यायला. मी फॉलचे रंग जुळवायला वर गेलो होतो. नवी पोरगी अदबीनं म्हणाली, "बसा की, मावशी."

"तू बस, मग मी बसतो."

पोरीनं कॅमेऱ्याकडं बघितलं. मग दोघी उभ्याच. तास-दीड तास आक्कांनी ते पाय घेऊन उभ्यानं साड्या बघितल्या आणि निघताना मोठ्यानं म्हणाल्या, "साड्या झ्याक हाईत. पन आज नको. फुडल्या मंगळवारी येतो, तवर स्टूल आणा म्हणावं."

पुढच्या मंगळवारी आल्या. स्टूल नव्हतं. पुन्हा उभ्यानं बघून गेल्या. त्याच्या पुढच्याही. भाचीचं लग्न होऊन गेलं तरी येत होत्या. त्या कठडा धरून एकेक पायरी उतरायच्या, ते मी खालून बघायचो, आणि बसल्या जागी मला लाज वाटायची.

गेले दोन मंगळवार आक्का आलेल्या नाहीत. पायाचं ऑपरेशन झालंय, गडहिंग्लजला लेकीकडं आहेत. फोनवर आवाज तोच. परवा मंगळवारी दुपारी शेठ केबिनमधून बाहेर आले, जिन्याकडं बघत म्हणाले, "आज पण आक्का नाहीत वाटतं." त्यांना बरं वाटलं की चुकल्यासारखं झालं, कळलं नाही.

मी मशीन बंद केलं. "शेठ," म्हटलं, "वर स्टूल आणा."

चौदा वर्षांत फॉलच्या रंगाशिवाय मी त्यांच्याशी काही बोललो नव्हतो. आवाज पार फाटला. पण वरपर्यंत गेला असावा, कारण ती पोरगी कठड्यावरून वाकून खाली बघायला लागली.