कुलूपमामांची खंडेनवमी

कुलूपमामा कोणत्याही मशिनवर विश्वास ठेवत नसत, माणसांवर तर त्याहून नाही. चाकणच्या आमच्या प्रेसशॉपमध्ये ते मेंटेनन्स फिटर होते. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणारी ती धिप्पाड प्रेस दुरुस्त करायची, तर आधी मेन स्विच बंद, त्यावर स्वतःचं पितळी कुलूप, किल्ली करदोट्याला, आणि मगच हात आत. नुसता बल्ब बदलायचा असला तरी हेच. ‘मशिन बंदच आहे’ असं कुणी म्हटलं की विचारत, "कुणी बंद केली? त्याला परत चालू करता येत न्हाई व्हय?"

माणूस मूळचा चिखलीचा. गावच्या शेतात इमारती उगवल्या, पण मामांची बोली शेतातलीच राहिली. मी तेव्हा नवा सुपरवायझर, म्हणजे डिप्लोमाच्या जोरावर अख्ख्या जगाला घाई करणारा. मला ते ‘सायेब’ म्हणत आणि लगेच पुढे ‘तू’ म्हणत. त्यांच्या त्या कुलपापायी माझी अर्धी शिफ्ट वाया जाते, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. ते ऐकून घेत आणि आणखी सावकाश काम करत.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहायची सोयच नाही. आमचे बहाद्दर एका बटणात लाकडाची पाचर ठोकत आणि मोकळ्या हाताने माल भरत. मला ठाऊक होतं. उत्पादन वाढतंय ना, मग मी कशाला तोंड उघडू? मामा मात्र पाचर उपटून खिशात टाकत आणि चहाच्या सुट्टीत त्या माणसाच्या बशीत ठेवत. "घे, बिस्किटासंगं खा." कॅन्टीन खो खो हसायचं. तो गडी पुढे चार दिवस तरी सरळ चालायचा.

एकदा शेठनी त्यांच्या कुलपाची दुसरी किल्ली ऑफिसात मागितली. मामा म्हणाले, "माझ्या जिवाची डुप्लिकेट मिळती का बघा. मिळाली, की चावीची बी देतो." शेठ हसले. मला मात्र तो उर्मटपणा वाटला.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनची पूजा असते. सगळं धुऊनपुसून झेंडूच्या माळा, हळदकुंकू. त्या दिवशी सेफ्टी शूज दाराशी काढून ठेवायचे, देवापुढे बूट कसे? आणि आरती झाली की मोठ्या प्रेसचा एक स्ट्रोक मारायचा, म्हणजे ती एकदा खाली-वर करायची, ही शेठच्या वडिलांपासूनची प्रथा. वर्षभर जमतील तसे पाळलेले नियम त्या एका सकाळी आम्हीच हौसेने गुंडाळून ठेवत होतो, आणि ते कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं.

त्या वर्षी आरती संपत आली तरी प्रेसवर मामांचं कुलूप तसंच. मुहूर्त टळत होता, शेठ माझ्याकडे बघत होते. मी दोन हाका मारल्या. झांजांच्या आवाजात माझ्या मलाच ऐकू आल्या नाहीत. कुणीतरी म्हणालं, "चहाला गेले असतील, राव." मी बोल्ट कटर आणला, कुलूप तोडलं, मेन चालू केला आणि दोन्ही बटणं दाबली. अगदी नियमाप्रमाणे, दोन्ही हातांनी.

मामा मागच्या बाजूला होते. पुढे गर्दी, म्हणून मागून हात घालून आतल्या साच्याला कुंकू लावत होते. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

अपघाताचा अहवाल मीच लिहायचा होता. शेठ म्हणाले, "नेहमीसारखं लिही." नेहमीसारखं म्हणजे ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’. मी तसंच लिहिलं. खरं लिहिलं तर नोकरी जाणार, आणि माझं लग्न ठरलेलं. कागद घेऊन सहीसाठी हॉस्पिटलात गेलो. मामा म्हणाले, "वाच, सायेब." मी वाचलं. माझी मलाच शरम वाटली.

"मी कुलूप लावलंतं का न्हाई?"

"लावलं होतं."

"मग त्ये लिव्ह. कुणी तोडलं त्ये बी लिव्ह. न्हाईतर पुढच्याला कळणार कसं, काय करायचं न्हाई त्ये?"

त्यांच्या उशाशी बसून मी तो कागद पुन्हा लिहिला, माझ्या नावासकट. सुपरवायझरकी गेली. नोकरी वाचली ती मामांनी शेठपुढे शब्द टाकला म्हणून. स्ट्रोकची प्रथा बंद झाली. आता पूजेला अख्ख्या शॉपचा मेन बंद असतो, आणि प्रत्येक फिटरचं कुलूप वेगळं. पुढे मला सेफ्टीचं काम दिलं. मामा स्टोअरला बसू लागले आणि डाव्या हाताने लिहायला शिकले.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना गाडीवरून चिखलीला सोडलं. दाराशी उतरले, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, आज तरी म्हणा, माफ केलं."

मामा म्हणाले, "त्ये न्हाई म्हणणार. म्हणलं की तू निवांत होशील. तुझ्या भरवशावर अजून लई हात हायेत."

एवढं बोलून मला चहाला आत घेऊन गेले.